घंटेतले शेवाळ

जून उजाडला. तळ्यावरचा शेवटचा बर्फ फुटून वाहून गेला, गोठ्यातल्या गाई दाव्याला हिसके देत वरच्या रानाकडे तोंड करून हंबरू लागल्या, आणि योलिनला आवाज नव्हता.

योलिन माझी बायको. लग्नाला चाळीस वर्षे झाली. तिचा आवाज काय होता ते आमच्या खोऱ्यात कुणालाही विचारा. वरच्या रानात दगडावर उभी राहून ती गाईंना हाक घालायची, तेव्हा पलीकडच्या डोंगरातल्या परक्या गाईसुद्धा चरायच्या थांबायच्या. त्या हाकेत शब्द नसत. नुसते उंच ताणलेले सूर, आणि मधेच एखाद्या गाईचे नाव. दोन कोसांवरून आमच्या अकरा गाई एकामागे एक ओळीने येत. हा झाला त्या आवाजाचा एक उपयोग. दुसरा उपयोग माझ्यावर व्हायचा. आमच्या घरात बोलायचे खाते तिच्याकडे होते आणि ऐकायचे माझ्याकडे. दूध नासले तर भांडे मी नीट धुतलेले नसे. वाळत घातलेल्या गवतावर पाऊस आला तर ते कापायची घाई मी केलेली असे. चूक कधी तिची नसायचीच. ‘माझं चुकलं’ हे शब्द चाळीस वर्षांत मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्यांची वाटही बघत नव्हतो. गप्प बसण्यात एक सुख असते आणि मला त्याची चटक लागली होती.

हिवाळ्यात तिच्या गळ्याला गाठ आली. कॉलरचे बटण लागेना, तेव्हा तिने दोरा उसवून बटण जरा पुढे शिवून घेतले आणि चार महिने कुणाला काही सांगितले नाही. मला दिसायचा प्रश्नच नव्हता. दिसले ते सुनेला, दीसाला.

"योलिन, हे बटण का सरकवलंस?"

"शर्ट आटलाय."

"शर्ट कसा आटेल? गळाच तेवढा आटलाय होय? मान दाखव बघू."

"आली मोठी मान बघणारी! हो बाजूला."

पण दीसाने मान बघितली, आणि दुसऱ्या दिवशी तिला गाडीत घालून दवाखान्यात नेले. पुढे शहरातल्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झाले. डॉक्टरीणबाईंनी आधीच समजावले होते. गाठ वाईट आहे, आवाजाची एक नस तिच्यात गुंतली आहे, सोडवता आली तर सोडवू. ती सोडवता आली नाही. गाठीबरोबर नस गेली, जीव राहिला. मी तिच्या उशाशी बसलो होतो. तिने डोळे उघडले, मला काहीतरी बोलायला गेली, आणि तोंडातून नुसती हवा निघाली. मी बाहेर जिन्यात जाऊन रडलो. चाळीस वर्षे ज्या आवाजाच्या भीतीने मी कोठारात जाऊन बसत होतो, तोच मला हवा होता.

घरी आल्यावर तिने गळ्यात दोरीने वही अडकवली आणि त्या दोरीला पेन्सिल. लोक विचित्र वागू लागले. आवाज गेला म्हणजे कानही गेले असे समजून दुकानातली पोरगी तिच्याशी ओरडून बोलली, "बा-ई, लो-णी खा-रं की बिन-खा-रं?" योलिनने वहीवर लिहिले, ‘मी मुकी आहे, तू मूर्ख आहेस.’ पण लिहून दाखवेपर्यंत पोरगी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली होती. रागाला वेळेवर पोचता येत नाही हे माणसाला केवढे लागते, ते मी त्या दिवशी तिच्या तोंडावर पाहिले. घरी येईपर्यंत ती गाडीच्या काचेकडे बघत राहिली.

एका रविवारी गाईंचा विषय निघाला. आमचा मॉर्टेन लाकडाचा मोठा ट्रक चालवतो, सोमवार ते शुक्रवार रस्त्यावरच असतो. त्याने जवाच्या पातळ भाकरीला लोणी लावता लावता सांगून टाकले.

"आई, या साली गाई वर न्यायच्या नाहीत. रानात सोडल्यावर हाक कोण घालणार? परत आल्या नाहीत तर दूध काढायचं कुणाचं? खालचा डेअरीवाला सगळ्या घ्यायला तयार आहे. देऊन टाकू."

योलिन सात वर्षांची असल्यापासून तिने एकही उन्हाळा वरच्या रानाशिवाय काढलेला नाही. मॉर्टेन पोटात होता तेव्हाही ती वर होती. तिचा हात भाकरीवर तसाच राहिला.

"मी घालीन हाक," दीसा म्हणाली.

ही दीसा समुद्राकडची, कोळ्याची पोर. लग्न होऊन दोन वर्षे झाली होती. पहिल्याच उन्हाळ्यात तिने योलिनला विचारले होते, ‘मला शिकवशील का ही हाक?’ त्यावर योलिन म्हणाली होती, ‘शिकवून येत नाही ती. घशात असावी लागते.’ पुन्हा विषय निघाला नव्हता.

योलिनने वहीवर लिहिले आणि वही दीसापुढे सरकवली. ‘गाई आहेत. मासे नाहीत.’

दीसा वाचून हसली. "मासे हाकेला येत नाहीत, एवढं मलाही कळतं, योलिन."

मॉर्टेनने तोडगा काढला. जूनमधल्या मोठ्या दिवसाच्या सणापर्यंत बघायचे. संध्याकाळी गाई हाकेला आल्या तर वरचे रान चालू ठेवायचे. नाही आल्या तर सगळ्या खाली आणायच्या आणि डेअरीवाल्याला फोन करायचा. योलिनने कुणाकडे न बघता होकाराची मान हलवली.

वर जायच्या वाटेत पुढारी गाईची मोठी घंटा वाजू द्यायची नाही, असा आमच्याकडे रिवाज. वाटेत वाजली तर दूध वाटेतच सांडते म्हणतात. म्हणून निघताना घरची बाई घंटेत ओले शेवाळ ठासून भरते, लोलक मुका करते. वरच्या रानाच्या फाटकाशी पोचले की तीच गाईचे नाव घेऊन मोठी हाक घालते, शेवाळ उपसते आणि फाटकाच्या खांबावर ठेवते. पाऊस पडेपर्यंत ते तिथेच राहते. हे काम दुसऱ्या कुणी करायचे नाही. नवऱ्याने तर नाहीच.

योलिनने घंटेत शेवाळ भरले आणि आम्ही पहाटे निघालो. पुढे दागरूस, आमची पुढारी, पांढरीशुभ्र, बिनशिंगी, स्वतःला राणी समजणारी. तिच्या मागे बाकीच्या दहा. त्यांच्या लहान घंट्या वाजल्या तरी चालतात. मी कंबरेच्या दुखण्यामुळे जीपमध्ये, चीज करायचा मोठा हंडा आणि दोन वासरे घेऊन. योलिन दीसाबरोबर सगळी वाट चालली. साठीच्या बाईला ऑपरेशननंतर दोन महिन्यांत चार कोस चढ चालू नको म्हणायचे असते. मी म्हटले नाही.

फाटकाशी पलीकडच्या खोपटातली ब्रीता नवऱ्याला घेऊन, कॉफीची किटली घेऊन उभी होती. दरसाल उभी असते. योलिन दागरूसपुढे गेली, पाय रोवले, मान मागे टाकली, तोंड उघडले.

हवा आली. तिने पुन्हा श्वास ओढून घेतला. गळ्यावरची लाल रेघ ताणली, शिरा फुगल्या, आणि भात्यातून सुटावी तशी हवा सुटली. दागरूसने कान हलवले, तिच्याकडे बघितले आणि तिला बाजूला सारून फाटकातून आत निघून गेली.

"राहू दे गं," ब्रीता मायेने म्हणाली. "पुढल्या वर्षी घालशील."

त्या ‘राहू दे’ने घात केला. शिवी चालली असती. योलिनने एप्रनचे टोक तोंडावर धरले आणि सरळ आमच्या उन्हाळी खोपटात जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. बाहेर गोंधळ होता, वासरे सुटली होती, हंडा उतरायचा होता, लहान घंट्या खणखणत होत्या. करवतीच्या मशीनवर तीस वर्षे काढल्याने माझे कान निम्मे गेलेले. मोठी घंटा वाजतेय की नाही, माझ्या ध्यानात आले नाही. दीसा आजवर रविवारची पाहुणी म्हणून वर येई, गाईंबरोबर कधी चढलेली नव्हती. तिला काय कळणार?

रात्री योलिनला ताप चढला, घसा सुजला. सकाळी दीसानेच दूध काढले आणि गाई रानात सोडल्या.

संध्याकाळी दीसा दगडावर चढली. कमरेला मीठ-पिठाची पिशवी. तिने दोनदा थुंकी गिळली आणि हाक घातली.

मी दारात होतो. हाक बारीक होती, कापरी होती, पण ओळखीची होती. माझ्या मागे खाट करकरली. योलिन कोपरावर उठून बसली होती. त्या हाकेत तिसरा सूर चढता चढता जरासा घसरतो. ती योलिनची खोड. लहानपणी तिची आत्या तिला त्यावरून बोलायची. म्हणजे या पोरीने दोन उन्हाळे रविवारी येऊन, कोठाराच्या मागे उभी राहून योलिनची हाक जशीच्या तशी, खोडीसकट उचलली होती. कुणी शिकवले नाही म्हणून चोरून घेतली होती. योलिनने ते ओळखले हे मी बघितले. तिने वही उचलली, खाली ठेवली, आणि पुन्हा आडवी झाली.

गाई आल्या. एकेक करून, रेंगाळत, आधी म्हातारी क्रूना, मग धाकट्या. कासा भरल्या होत्या आणि मिठाची ओढ होती म्हणून आल्या म्हणा हवे तर. मी दहा मोजल्या. दागरूस नव्हती.

दीसाने आणखी चारदा हाक घातली. मग धारा काढल्या आणि शोधायला निघाली. मोठ्या घंटेचा आवाज वाऱ्यावर कोसभर जातो, म्हणून आमच्याकडे हरवलेली गाय डोळ्यांनी शोधत नाहीत, कानांनी शोधतात. शंभर पावले चालायचे, श्वास धरून उभे राहायचे, ऐकायचे. नाही ऐकू आले तर पुढची शंभर पावले. जूनमध्ये आमच्याकडे रात्रभर उजेड असतो, तो काही मावळत नव्हता. ती निघताना योलिनने मला वहीवर दाखवले, ‘मी म्हटलं होतं.’ मी ते दीसाला वाचून दाखवले नाही. माझ्या शूरपणाची मजल तेवढीच.

सकाळी मी पाण्याला निघालो तेव्हा फाटकाचा खांब पाहिला. खांबावर काही नव्हते. खालीही नव्हते. पाऊस तर पडलाच नव्हता. मी बादली घेऊन तिथेच उभा राहिलो. शेवाळ घंटेतच होते. दागरूस मुकी फिरत होती, आणि दीसा रात्रभर ज्या आवाजासाठी श्वास धरत होती तो आवाज होणारच नव्हता.

मी कुणाला सांगितले? कुणालाच नाही. योलिन आजारी आहे, तिच्या मनाला लागेल, असे मी स्वतःला समजावले. खरे म्हणजे बोलायची सवय नव्हती. पाणी भरून आणले आणि बाहेरच्या चुलीवर कॉफी ठेवली.

तासाभराने योलिन शाल गुंडाळून बाहेर आली. ताप उतरला होता. ऊन अंगावर घेत ती फाटकापर्यंत गेली आणि थांबली. हात खांबावर गेला. तिथे बराच वेळ राहिला. मग दुसरा हात एप्रनच्या खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. तिने मागे वळून बघितले, तेव्हा मी किटलीत डोकावत होतो.

आता ती काय करील, मला ठाऊक होते. या जागी मी तिला चाळीस वर्षांत शंभरदा पाहिलेले होते. अशा वेळी ती खापर फोडायला दुसरा कुणीतरी शोधते. आणि या वेळी शोधायचीही गरज नव्हती, दुसरी कुणीतरी रानातून चालत येतच होती.

दीसाचे बूट चिखलाने भरलेले, पोटऱ्या ओरखडलेल्या, डोळे तांबडे. तिने उभ्यानेच कॉफी घेतली.

"नाही सापडली. तळ्यापर्यंत गेले, ओढ्याच्या दोन्ही अंगांना गेले. काही ऐकू येत नाही." मग तिने कप खाली ठेवला. "मॉर्टेनला फोन केला मी. म्हटलं, डेअरीवाल्याला कळव. योलिन, तू बरोबर होतीस. मला नाही जमत. माझ्या हाकेनं बिचकून गेली ती. चोवीस तास झाले, कास फुटायला आली असेल तिची, आणि ते माझ्यामुळे."

योलिन बरोबर होती! अख्ख्या उन्हाळ्यासाठी, अख्ख्या जन्मासाठी बरोबर. कुणी काही विचारणार नव्हते. गाय मेली असती तरी बरोबरच राहिली असती. तिने पेन्सिल धरली.

"लिहू नकोस," दीसा म्हणाली. "काय लिहिणारेस ते माहितेय मला. आता वरच्या दलदलीकडे जाते, तिथं वारा पडलेला असेल, ऐकू येईल." आणि ती वळून निघालीसुद्धा.

योलिनने तोंड उघडले. जिच्या हाकेला दोन कोसांवरून गाई यायच्या, तिला वीस पावलांवरच्या सुनेला थांबवता येईना. तिने माझ्याकडे बघितले. मला घसा होता, चांगला धडधाकट. मी हाक घालू शकलो असतो. ‘दीसा, थांब’, एवढेच. मी किटली धरून बसून राहिलो.

मग योलिन धावली. लाकडी खडावा पायातून उडाल्या, शाल गवतात पडली, ती मोज्यांवर धावली, एका हाताने गळा धरून. फाटकाशी तिने दीसाचे जाकीट मागून पकडले आणि तोल जाऊन गुडघ्यावर पडली. दीसा घाबरून खाली बसली.

"काय झालं? ताप आहे का? योलिन, श्वास घे, श्वास घे आधी!"

योलिनने वही हातात धरली आणि सोडून दिली. खांबाकडे बोट केले. योलिनची कुजबुज मला तिथून ऐकू येणे शक्य नव्हते, पण चाळीस वर्षे मी त्या ओठांकडे बघत आलो आहे, ते मला वाचता येतात.

"शेवाळ," ती म्हणाली. श्वास घेतला. "घंटेत तसंच आहे. मी काढलं नाही."

दीसाला कळायला वेळ लागला.

"माझं चुकलं," योलिन म्हणाली.

मला वाटले होते की दीसा तिला मिठी मारील. तसे काही झाले नाही. दीसा उठली आणि जी ओरडली, ती बहिऱ्यालाही ऐकू गेली असती.

"म्हणजे ती वाजतच नव्हती? आणि मी कालपासून कान लावून फिरतेय! खांबासारखी उभी राहत होते, श्वास धरून! डास चावले तरी हात हलवला नाही, आवाज होईल म्हणून! बाजूनं गेले असेन मी तिच्या! बाजूनं!" मग तिने समुद्राकडच्या भाषेत दोन-तीन शब्द वापरले. ते मला कळले नाहीत, पण सभ्य नव्हते. "आणि मला वाटलं माझीच हाक! रात्रभर मी स्वतःला शिव्या दिल्या, योलिन. रात्रभर!"

माझी योलिन, जिने घरापुढचा रस्ता रुंद करायला आलेल्या साहेबाला बर्फाचे फावडे दाखवून परत पाठवले होते, ती गवतात गुडघे टेकून ऐकत होती. वहीला तिने हात लावला नाही. मान हलवत होती. एकेका वाक्याला, हो, हो, खरं आहे. मला तिच्याबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती, आणि स्वतःची इतकी लाज.

दीसाचा दम संपला. तिने नाक पुसले, खाली वाकून योलिनच्या पायातला ओला मोजा बघितला.

"खडावा घाल," ती म्हणाली. "डोळ्यांनी शोधायचंय आता. तुला तिच्या जागा माहितेत."

दोघी गेल्या. मी जीप घेऊन वाटेने मागून गेलो. योलिनने रान असे वाचले की जणू काल लिहून ठेवले होते. शेण, मोडलेली फांदी, कुरतडलेला पाला. बोटाने दाखवायची आणि दीसा पुढे व्हायची. अर्ध्या तासात गाय सापडली. ओढ्याच्या काठी, झुडपांच्या दाटीत, खोपटापासून हाकेच्या अंतरावर दागरूस उभी होती.

"दोनदा गेले मी इथनं," दीसा म्हणाली. "दोनदा. हिला शिंकता नाही आलं?"

शिंकायच्या अवस्थेत ती राणी नव्हती. कास दगडासारखी, तापलेली, मागचे पाय फाकलेले. हात लागताच तिने लाथ झाडली. योलिनने तिच्या घंटेत बोटे घातली आणि शेवाळ उपसून काढले, पिळल्यासारखे मूठभर. मग तिच्या बरगडीला कपाळ लावून खाली बसली. दीसाला पलीकडे बसायची खूण केली. दोन सड इकडे, दोन तिकडे. पहिल्या धारा निघेनात. योलिनने हात पुढे करून दीसाची बोटे आपल्या हाताखाली घेतली आणि दाखवले, ओढायचे नाही, आधी तळहाताने वरून ऊब द्यायची, चोळायचे, वाट बघायची. गाईच्या पोटाखाली त्या दोघींचे हात एकमेकींवर किती वेळ होते कुणास ठाऊक. मग धार सुटली. पिवळट, गुठळ्यांची, मातीत. दागरूसने लांब श्वास सोडला आणि तिच्याबरोबर आम्ही तिघांनीही.

"मॉर्टेनला फोन करते," दीसा म्हणाली. "काय सांगू? दे म्हणू की नको म्हणू?"

योलिनने लिहिले. दीसाने वाचले, आणि मला दाखवले. ‘तू ठरव. हाक तुझी आहे.’

दीसाने नको म्हणून सांगितले.

त्या दिवशी गाई रानात सोडल्याच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. योलिन दगडावर दीसाच्या मागे उभी राहायची, एक हात तिच्या पाठीवर, एक पोटावर. श्वास कुठून घ्यायचा ते दाबून सांगायची. चुकले की टिचकी मारायची. दीसा कुरकुरायची, "अगं मारतेस काय, गाय आहे का मी?" आणि योलिन हसायची. हसण्याला आवाज नव्हता, खांदे हलायचे. तिसऱ्या सुराची खोड मात्र तिने दुरुस्त केली नाही. दागरूस पहिल्या दिवशी पन्नास पावलांवर येऊन थांबली, दोघींकडे आळीपाळीने बघितले, बराच विचार केला आणि आली.

एक गोष्ट राहिली होती आणि ती मला आतून कुरतडत होती.

सणाच्या आदल्या संध्याकाळी मी आणि योलिन खोपटासमोरच्या बाकावर बसलो होतो. ती दुधाची फडकी पिळत होती. आता ती पुष्कळ वेळ नुसती बसते आणि माणसे बोलतात ते ऐकते. ब्रीता तर म्हणते, साठी बुद्धी नाठी म्हणतात, हिची साठीला आली. दीसा तिकडे दगडाकडे निघाली होती, शिकवणी सुरू झाल्यापासून आज पहिल्यांदा एकटी.

"योलिन," मी म्हटले. "तो खांब... मी तुझ्या आधी बघितला होता. पाण्याला गेलो तेव्हा. कळलं होतं मला. तास-दीड तास आधी."

तिने फडके खाली केले.

"आणि ती निघाली तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस. मला ओरडता आलं असतं. मी नाही ओरडलो. तू मोज्यांवर धावलीस." मी बाकावर तिच्याकडे वळलो. "चाळीस वर्षं मी असाच बसून राहिलो गं. तू बोलतेस म्हणून मी गप्प, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. माझं चुकलं."

ती माझ्याकडे बघत होती. पूर्वीची असती तर आठवडाभर पुरेल एवढे बोलली असती, आणि मी मुकाट्याने ऐकून सुटलो असतो. तिने ओला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, थोपटला. मग तोंड माझ्या कानाशी आणले. डॉक्टरांनी कुजबुजायला मनाई केली आहे, तरी कुजबुजली.

"मला कशाला सांगतोस? ती फिरली रात्रभर. तिला सांग."

"आत्ता?"

तिने माझी काठी उचलून माझ्या हातात दिली.

बाकापासून दगडापर्यंत चाळीस-पन्नास पावले असतील. कंबर ठणकत होती. मी निम्म्यावर पोचलो तेव्हा दीसाने हाक सुरू केली. मी दगडाखाली जाऊन उभा राहिलो. ती संपेपर्यंत थांबलो. मधेच बोलून ती तोडायची नव्हती. दूर खाली घंटा वाजल्या. मलाही ऐकू आल्या.

दीसाने खाली बघितले. "काय रे हाल्वर? काही हवंय का?"

मी मागे वळून बघितले नाही. घसा खाकरला आणि बोलायला लागलो.